बाबांच्या नावावरचं मैदान

२६ ऑक्टो., रविवार

सुट्टीचा शेवटचा आठवडा. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा कपाटावर आहे. तिथे तो सुखी, इथे मी.

दिवसभर षटकोन कापले. इमरानने मंगरूळहून सनबोर्डाचे तुकडे पाठवलेत, त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात परत आलेले जुने बोर्ड. कोऱ्या बाजूला माझं मैदान, उलट्या बाजूला कुणाची मिशी, कुणाचे जोडलेले हात, कुठे नुसतंच 'हार्दिक शु'. पत्र्याचा साचा ठेवायचा, कटर फिरवायचा, की सहा कडांचा तुकडा निघतो. तुकडे सुटे असले की दर रविवारी वेगळं रणांगण जुळवता येतं. आज डोंगर डावीकडे, पुढच्या खेपेला नाल्यापलीकडे. त्यावर बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे, आणि मी नि इमरान, दोघे चाळिशीतले घोडे.

चौकोनावर तिरपं चाललं की अंतर वाढतं. षटकोनावर सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. वर्गात हे असं शिकवलं तर शेवटचा बाकसुद्धा जागा राहील. पण 'सर, तुम्हाला कसं माहीत?' असं कोणी विचारलं तर काय सांगू? ऑगस्टच्या पालकसभेत मीच माइकवर म्हणालो होतो, खेळणी माळ्यावर टाका, हे वय खेळण्यांचं नाही. पोरांबद्दल म्हणालो होतो.

बाबा शेजारी येऊन बसले. मागच्या पावसाळ्यात आई गेली तेव्हापासून ते वाशिमला आमच्याकडे आहेत. आठवड्यातून एकदा एसटीने केनवडला जाऊन शेत पाहून येतात, बाकीचे दिवस गॅलरीत. आज आपणहून सँडपेपर उचलला. "कडा खरबडीत हाय. एकाले एक लागनार नाई." लागत नव्हत्याच. दुपारपर्यंत त्यांनी निम्म्या घासून दिल्या.

वै. म्हणाली, बापलेकांनी घरात पाय ठेवायला जागा सोडली नाही. बायको म्हणून एवढं म्हणायचा तिचा हक्क आहे.

२८ ऑक्टो., मंगळ.

बाबांना खेळ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला, मग एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"एका वावराले सहा शेजारी?"
"हो."
"अन् धुरा कोनाचा?"
म्हटलं, यात धुरा-बांध काही नसतो. रेघ दोघांची.
"मंग तं लढाया होतीनच. आमाले दोन शेजारी होते तं धुऱ्यापायी तहसील सुटली नाई."

खूप दिवसांनी असं बोलले. वै.ला आत जाऊन सांगितलं, तीही हसली. मैदानावर काट्यांचं कुंपण हवं, नाल्याच्या काठाला पळस हवा, असल्या सूचना संध्याकाळपर्यंत चालू. पळसासाठी लाल रंग आणला पाहिजे.

३० ऑक्टो., गुरु.

बाबा केनवडहून आले ते पिशवीभर काळी माती घेऊन. आपल्या वावरातली. म्हणे, लाकडाच्या भुशाला रंग देऊन माती कायले कराची, माती असताना? वै.च्या जुन्या ओढणीतून चाळली, पांढऱ्या गोंदात कालवली, एकेका षटकोनावर लिंपली. मी नको म्हणालो नाही. खरं तर दिसायला फार छान दिसत होती. ओले तुकडे गॅलरीत ओळीने मांडले.

१ नोव्हें., शनि.

सत्यानाश. वाळली तशी माती आखडली. सगळ्या तुकड्यांवर भेगा, बोर्ड कडेने वर उचललेले, वाटीसारखे. सैनिक उभा केला की लवंडतो. मी चिडलो. काळी माती भेगाळते हे शाळेतल्या पोराला माहीत असतं, आणि इथे एक गणिताचा मास्तर आणि एक जन्माचा शेतकरी, दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

बाबा मात्र एक तुकडा हातात धरून हसायला लागले. "आता झाली आपली जमीन. मे महिन्यातली." हसता हसता ठसका लागला. आई गेल्यावर पहिल्यांदा इतकं हसले असतील.

मग मीही हसलो. उद्या उलट्या बाजूनेही गोंद लावून पाहायचा, ताण सारखा झाला तर सपाट होतील. इमरानला फोटो पाठवले. तो म्हणतो भेगा राहू द्या, असं मैदान कोणाकडेच नाही.

२ नोव्हें., रवि.

उलटा गोंद लागू पडला. तुकडे सपाट झाले, भेगा राहिल्या. हॉलभर मैदान मांडलं. बाबा मधल्या नाल्याच्या काठाला ओली माती लावत बसलेले, हात मनगटापर्यंत काळे.

चारच्या सुमारास बेल. इमरान यायचा होता म्हणून बनियनवरच दार उघडलं. दारात मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव. मु.अ.च्या मुलीचं लग्न आहे, पत्रिका द्यायला आले होते. आत या म्हणावंच लागलं.

सचिवांनी मैदान पाहिलं. "अरे वा! हे कुणाचं?"

आमच्या घरात लहान मूल नाही. असतं तर त्याच्यावर ढकललं असतं.

मी म्हणालो, "बाबांचं आहे. आई गेल्यापासून जरा..." आणि थांबलो. मग म्हणालो, "वेळ जात नाही त्यांचा."

त्या 'जरा'नंतर कुठे थांबायचं ते मीच ठरवलं होतं. पुढचं त्यांनी आपापल्या मनात भरलं.

बाबांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, पाहुण्यांकडे. म्हणाले, "हो, आमचंच हाय ते. बसा ना."

मु.अ. त्यांच्यासमोर वाकले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "छान! खूप छान केलंय हं बाबा!" बाबांना ऐकू चांगलं येतं. त्यांनी मान हलवली.

चहा झाला. पत्रिका देताना सचिवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नुसता. ते गेल्यावर बाबांनी हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले. मला काही बोलले नाहीत. वै. बोलली. ते इथे लिहीत नाही.

४ नोव्हें., मंगळ.

शाळा सुरू झाली. स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलेलं. मराठीच्या बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचं पण असंच सुरू झालं होतं, सर." पी.टी.च्या सरांनी ब्राह्मीचं तेल सुचवलं, दुपारच्या सुट्टीत आणूनही दिलं. मी "थँक्यू" म्हणालो. म्हणालो मी थँक्यू.

बाटली दप्तरातच ठेवली आहे. घरात काढायची हिंमत नाही.

बाबांनी सँडपेपर पुन्हा हातात घेतलेला नाही. नाल्याचा काठ अर्धाच राहिलाय.

७ नोव्हें., शुक्र.

ताईचा फोन धनजहून. मोठी बहीण, त्यामुळे पहिली पाच मिनिटं ओरडणं. "बाबा खेळन्याशी खेळतेत म्हने? मले बाहेरून कळावं का हे?" मराठीच्या बाई तिच्या नणंदेच्या जाऊबाई लागतात. वाशिम जिल्ह्यात बातमीला एसटी लागत नाही.

म्हटलं तसं काही नाही. "काई नाई तं मंग साऱ्याइले काहून सांगतलं?"

नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

९ नोव्हें., रवि.

इमरान आला. दार लावून खेळलो. आज तो माझ्याकडून टेकडी घेत होता, मी नाल्यात अडकलेलो. एकाएकी बेल वाजली. मी उठायच्या आत बाबा गॅलरीतून आले, माझ्या स्टुलावर बसले, माझे फासे हातात घेतले. "तू आत जा." मी गेलो. आतल्या खोलीत जाऊन उभा राहिलो, स्वतःच्या घरात.

गॅसवाला होता. बाबांनी त्याच्यासमोरसुद्धा एक फासा टाकला.

इमरानला सगळं सांगावं लागलं. ऐकून तो सैनिक डब्यात भरायला लागला. "सर, मी बी घरी झूठच सांगतो, माल आनाले जातो म्हून. पन माह्यं झूठ माह्याच गळ्यात हाय. बुढ्या मानसाच्या गळ्यात नाई टाकलं मी." वयाने माझ्यापेक्षा लहान आहे.  डाव अर्धा टाकून गेला.

मला लाज वाटते. लिहिलं की थोडी कमी होईल असं वाटलं होतं. होत नाही.

१३ नोव्हें., गुरु.

जेवताना फोन. दत्ता. केनवडचं शेत बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, त्याच्याकडे आहे. इतकी वर्षं तो बाबांनाच फोन करतो, आणि बाबा फोनवर असे बोलतात की मधल्या सगळ्या गावांना ऐकू जावं.

"सर, हरभरा पेराचा हाय, ओल हाय तवर. बेनं कोनतं टाकू, इचाराचं होतं."
म्हटलं, बाबा इथेच आहेत, देतो.
"नाई नाई, त्याइले कायले तरास. ताईनं सांगतलं, आता सरले इचारत जा म्हून. तुमीच सांगा."

बाबा समोर बसलेले. दत्ताचा आवाज बाहेर येत होता. मी घाईघाईत म्हणालो, मागच्या वर्षीचं घरचं आहे ना, तेच टाक. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, उठून पाणी प्यायले.

हात धुऊन परत आल्यावर म्हणाले, "मागच्या वर्षी त्या बेन्याले मर लागली होती. निम्मं उभ्यानंच वाळलं."
"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"
"तुले इचारलं होतं त्यानं."

रागात नव्हते म्हणाले. साधंच म्हणाले. मी आत जाऊन दत्ताला परत फोन केला, की दुसरं बेणं आण, त्याला मर लागली होती. तो म्हणाला, "तुमच्या बरं ध्यानात राह्यलं, सर." हो म्हणालो. माझा खेळ बाबांचा झाला, आणि बाबांची अक्कल माझी झाली. एवढं सोपं आहे हे.

१६ नोव्हें., रवि.

ताई आली. आल्याबरोबर बाबांच्या पायाशी बसून रडली, मग उठून कटर, साचा, ब्लेडं सगळी पिशवीत भरली. "हाताले लागलं तं?" माझी ब्लेडं. पत्र्याचा साचा मोठ्या मुश्किलीने बनवून घेतला होता. बाबा म्हणाले, "घेऊन जा, काई हरकत नाई."

ठरलेलं असं. एक, बाबांनी एकट्याने एसटीने जायचं नाही. दोन, शेताचं दत्ता मला विचारेल. तीन, येत्या शनिवारी अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं. हे तिने बाबांच्या समोर ठरवलं, ते तिथे नसल्यासारखं. बाबा म्हणाले, "केनवडले मी चाळीस वर्सं जाऊन राह्यलो." ताई म्हणाली, "हो बाबा, माहीत हाय आमाले." मु.अ.सारखाच आवाज, सुटा सुटा.

स्वयंपाकघरात तिला गाठलं. म्हणालो, "ताई, तो खेळ माझा आहे. बाबांचा नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पदराने डोळे पुसले. "तू त्याइच्यासाठी किती करतं रे. त्याइले वाईट वाटू नये म्हून सोताच्या अंगावर घेतं. मीच नाई करत काई."

 आणखी एकच वाक्य लागत होतं. ते बोललो असतो तर ती मला वाईट म्हणाली असती. नाही बोललो तर चांगला म्हणत होती. तिने मला जवळ घेतलं. मी घेऊ दिलं. वै. भाजी हलवत होती, तिने गॅस बंद केला आणि बाहेर निघून गेली.

२२ नोव्हें., शनि.

अकोला. डॉक्टर तरुण, बोलायला बरा. वार विचारला, महिने उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी सगळं केलं. घड्याळाचा गोल माझ्यापेक्षा चांगला.

"काका, तुम्ही काही खेळता म्हणे?"
"खेळतो."
मी खुर्चीत. दीड हातावर.
"कसा असतो खेळ?"
"सहा शेजारी असतेत. कोनाशी ना कोनाशी भांडा लागते."
डॉक्टर मनापासून हसला. ताईने डोळ्याला रुमाल लावला.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. डॉक्टरने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हणालो, "शिक्षक."

शेवटी त्याने सांगितलं, काही विशेष नाही, वयाप्रमाणे आहे, हाताला काम आहे ते चांगलं आहे, सहा महिन्यांनी एकदा दाखवा. ताईने त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं.

२३ नोव्हें., रवि.

काल लिहायचं राहिलं ते. परतीच्या गाडीत ताई पुढे झोपलेली. मी बाबांना हळू आवाजात विचारलं, डॉक्टरला खरं का नाही सांगितलं?

म्हणाले, "तू साऱ्याइले सांगतलं होतं ना, बाबाचं हाय म्हून. मी तुले खोटं कसा पाडू? मास्तर हायेस तू."

वाशिम येईपर्यंत आम्ही दोघे खिडकीबाहेर पाहत होतो. एवढी लाज मला कधी कोणी मारूनही आणली नसती. आणि त्यांनी तर मला वाचवलं होतं.

२५ नोव्हें.

पेपर तपासले. मैदान डब्यात भरून पलंगाखाली ढकललं. एक तुकडा उलटा पडला होता, त्यावर कुणाचे तरी दात. झाकण लावून टाकलं.

२९ नोव्हें., शनि.

पालकसभा. मु.अ. माइकवर बोलता बोलता माझ्यावर आले. म्हणे, आजच्या काळात आईवडिलांना कोण विचारतं, पण आमच्या या सरांकडे पाहा, वडिलांचं मन रमावं म्हणून घरात अख्खं रणांगण मांडून दिलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. टाळ्या. मागच्या ओळीतला एक बाप उभा राहून टाळ्या वाजवत होता. सचिव मान डोलावत होते. पर्यवेक्षकाची जागा उन्हाळ्यात रिकामी होते, हे त्या क्षणीही माझ्या डोक्यात आलं. हे लिहून ठेवतो, कारण हे विसरायला मला आवडेल.

उठलो. हात जोडले. बसलो.

१ डिसें., सोम.

सांगितलं.

मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, सगळे असताना. उभा राहून. म्हणालो, बाबांना काहीही झालेलं नाही. तो खेळ माझा आहे. कॉलेजपासून खेळतो. सैनिक माझे, बोर्ड मी कापले, तुमच्यासमोर लाज वाटली म्हणून बाबांचं नाव सांगितलं. शब्द पाठ करून गेलो होतो.

 मग मु.अ. उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, तुमच्यासारखा मुलगा सगळ्यांना मिळो." मराठीच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. पी.टी.चे सर म्हणाले, तेल संपलं असेल तर सांगा.

मी म्हणत होतो, अहो खरंच, खरंच माझा आहे. जितकं म्हणत होतो तितके ते जास्त प्रेमाने पाहत होते. शेवटी सुट्टी संपली, बेल वाजली, नववी ब वर गेलो. त्रिकोणाची एकरूपता.

घरी वै.ला सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "खोटं एका वाक्यात बसलं होतं तुमचं. खरं तेवढ्यात नाही बसायचं." मग म्हणाली, बाबांना सांगितलं का? त्यांना काय सांगायचं, त्यांना माहीतच आहे. ती म्हणाली, "माफी मागितली का, म्हणून विचारते."

नाही.

२ डिसें., मंगळ.

मागितली. गॅलरीत, दोघेच असताना. बाबा म्हणाले, "हो हो. असू दे." जसं पोराला म्हणतात, तसं. मग म्हणाले, थंडी पडून राह्यली, आत चल.

७ डिसें., रवि.

बाबांना घेऊन केनवडला गेलो. ताईच्या नियमाप्रमाणे, सोबतीला मी. स्टँडवर त्यांनी माझा दंड धरला. मी लहान असताना ते माझा धरायचे, तिथेच. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना धरायला.

हरभरा हातभर झालाय असं मला वाटलं, बाबा म्हणाले वीतभर. दत्ताने आम्हाला बाजेवर बसवलं, चहा दिला, आणि सगळं मला दाखवलं. बाबा मागे मागे. एकदा वाकून त्यांनी एक रोप उपटलं, मूळ पाहिलं, काहीतरी बोलले. दत्ता "हो मालक" म्हणाला आणि पुढे माझ्याशी बोलायला लागला. मी त्याला म्हणालो, बाबा काय म्हणतात ते ऐक. तो म्हणाला, "हो, ऐकलं ना, सर." डोळ्यांनी मला म्हणाला, समजतं मले, चिंता करू नका.

त्यालाही सांगितलं, खेळ माझा आहे. त्याने मान हलवली. मी आता मोजत नाही कितीजणांना सांगितलं.

परतताना गाडी सुटल्यावर बाबांच्या लक्षात आलं, डबा शेतातच राहिला. एवढंच. माझाही कितीदा राहतो, वै. रोज ओरडते.  पण मालेगावच्या पुढे गेल्यावर बाबा म्हणाले,

"खरंच होऊन राह्यलं का रे मले काई?"

म्हटलं, नाही हो बाबा. काही नाही. डबाच तर राहिला.

ते माझ्याकडे पाहत होते.  म्हणाले, "त्या दिवशी बी तू असंच सांगतलं होतं. एकदम शांत."

कोणत्या दिवशी, ते विचारायची गरज नव्हती. दुसऱ्यांदा मी म्हणालो नाही. काय म्हणणार होतो? माझ्या 'नाही'ला आता काही वजन नाही, आणि ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याजवळच नाही.

१० डिसें., बुध.

इमरानचा मेसेज. रविवारी येऊ का, म्हणतो. त्याने दुकानाच्या दर्शनी भागात दोन षटकोन आणि एक तोफ मांडून ठेवली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, तो सांगतो, माझं आहे. दोघेजण हसले, एकाने शिकवता का म्हणून विचारलं. एवढंच झालं म्हणे.

ये, म्हणालो.

१४ डिसें., रवि.

मैदान आज दारासमोरच्या अंगणात मांडलं, बिल्डिंगच्या कठड्याजवळ, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. वरच्या मजल्यावरचे काका थांबले. "काय, बाबांसाठी का?" म्हटलं, "नाही, मी खेळतो." ते म्हणाले, "छान छान," आणि गॅलरीकडे पाहून बाबांना हात केला.

बाबांना बोलावलं. म्हटलं, नाल्याचा काठ अर्धा राहिलाय, लावून देता का? आले. बसले. माती भिजवलेली होती. त्यांनी बोटावर घेतली आणि मला विचारलं, "इथं लावू?" काठ त्यांचाच होता, आखलेलाही त्यांनीच. मी हो म्हणालो. पुढच्या तुकड्याला पुन्हा विचारलं, "अन् इथं?"

इमरान खाली मान घालून सैनिक मांडत होता.

तेवढ्यात दत्ताचा फोन, माझ्यावर. "सर, हरभऱ्याले पानी देऊ का? मोटर मोकळी हाय आज." मी म्हणालो थांब, आणि फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, मातीच्या हातानेच. कानाला लावला. एरवी फोन म्हटला की तिसऱ्या वावरात ऐकू जाईल असं बोलायचे. आज नुसतं "हं" म्हणाले. दत्ताने पुन्हा विचारलं असावं. पुन्हा "हं".

मग त्यांनी फोनवर तळवा ठेवला, माझ्याकडे सरकले आणि इमरानला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "द्याचं ना रे पानी आता?"

मला हरभऱ्यातलं काही कळत नाही. फूल कधी धरतो तेही माहीत नाही. पाण्यासाठी बाबांनी कुणाला विचारलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. म्हटलं, "बाबा, मला नाही माहीत. तुम्हालाच माहीत आहे. तुम्ही सांगा."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी खरं बोलतोय की त्यांना बरं वाटावं म्हणून, ते शोधत होते. तिकडून दत्ता हॅलो हॅलो करत होता.

फोन परत माझ्या हातात दिला. "उद्या सांगतो म्हन त्याले."

दत्ता म्हणाला, बरं, मी सकाळी फोन करतो. कुणाला, ते मी विचारलं नाही.